खडखड थांबली, पण पाइप वाचला का? जुन्या गाडीच्या पेट्रोल आणि ब्रेक पाइपांची बांधणी

आमची पद्मिनी 1986 ची. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे. वर्तकनगरहून घोडबंदर रोडला लागलो की साधारण चाळीसच्या वेगाला मागच्या सीटखालून तडतड सुरू व्हायची आणि पंचेचाळीसच्या पुढे गेलं की गायब. एका गॅरेजवाल्यानं गाडी पिटावर घेतली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा पाइपाला गुंडाळला, वरून बाइंडिंग वायर पिळली आणि पाच मिनिटांत आवाज बंद. मी खूश. दोन पावसाळ्यांनंतर दुसऱ्याच कामासाठी खाली शिरलो तेव्हा ती ट्यूब सोडून बघितली. आतला ब्रेक पाइप खवल्याखवल्यांनी गंजलेला, आणि वायरनं त्यावर गोल खाच पाडलेली. नखानं खरवडलं तर गंजाचा पापुद्रा हातात आला. त्या दोन वर्षांत मी आईला घेऊन दोनदा कसारा घाट उतरलो होतो.

तेव्हापासून माझा हिशेब बदलला. पाइप वाजतो म्हणजे तो कशावर तरी घासतोय, आणि आपलं काम ते घासणं थांबवायचं आहे. आवाज आपोआप जातो. नुसता आवाज घालवायचा असेल तर चिंधीही पुरते.

पाइप वाजतो कशामुळे

पेट्रोलचा पाइप मागच्या टाकीपासून पुढे इंजिनावरच्या पंपापर्यंत जातो. ब्रेकचा पाइप मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा तो) मागच्या अॅक्सलपर्यंत. दोन्ही तळाच्या पत्र्याला चिकटून, मीटर-मीटरभर लांब. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा ते वीतभर-दीड वीत अंतरावर क्लिपांनी धरलेले होते. चाळीस वर्षांत काही क्लिपा गंजून पडल्या, काहींचं रबर विरलं, काही कुणीतरी सायलेन्सर बदलताना वाकवल्या आणि परत बसवल्याच नाहीत. दोन आधारांमधलं अंतर वाढलं की पाइप तंबोऱ्याच्या सैल तारेसारखा होतो. लांब तार कमी कंपनांना हलते. इंजिनाची किंवा रस्त्याची कंपनं नेमकी त्या तारेच्या सुराला जुळली की पाइप थरथरतो आणि शेजारच्या पत्र्यावर आपटतो. म्हणूनच आवाज ठरावीक वेगालाच येतो, पुढेमागे नाही.

पूर्वीच्या ब्रेक पाइपाचा पत्रा किती जाड असतो याची कल्पना असावी. बाहेरून 4.75 मिलिमीटर, म्हणजे तीनसोळांश इंच, आणि भिंत जेमतेम 0.7 मिलिमीटर. जोरात ब्रेक दाबला की आतला दाब 50 बारच्या पुढे सहज जातो. टायरमधल्या हवेच्या पंचवीसपट. त्या 0.7 मधला अर्धा भाग घासून गेला असेल तर पुढचं सांगायला नको. त्यात आपल्या जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा चारही चाकांना ब्रेकचं एकच सर्किट. एक पाइप फुटला की पेडल थेट जमिनीला, आणि मग फक्त हँडब्रेक.

खाली शिरण्याआधी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू द्यायला सेक्रेटरी तयार होतील असं समजू नका. माझं काम वागळे इस्टेटमधल्या एका मित्राच्या शेडमध्ये होतं, तिथे सपाट काँक्रीट आहे. जमीन सपाट आणि पक्की हवीच. मागची दोन चाकं उचलायची तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, गाडी गिअरमध्ये, जॅकनं उचलून दोन स्टँडवर टेकवायची आणि मग बंपर धरून गाडी नीट हलवून बघायची. हलली तर आत शिरायचं नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालणाऱ्यांना मी ओळखतो. मला ते आवडतात, पण त्यांच्या शेजारी मी उभा राहत नाही.

पिट मिळाला तर पाठ वाचते, पण पेट्रोलच्या पाइपाच्या कामाला पिट वाईट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात जाऊन बसते आणि तुम्ही त्यात उभे असता. टाकी जवळपास रिकामी झालेली असतानाच काम काढा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा, पिवळ्या बल्बचा लँप न वापरता एलईडी टॉर्च घ्या, आगीचा सिलिंडर हाताशी ठेवा. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण तळाची माती आणि गंज थेट डोळ्यांत पडतो.

गाडीला सीएनजी किट असेल तर त्याची स्टीलची नळी ओळखून घ्या आणि तिला हातही लावू नका. तिच्यात 200 बारचा दाब असतो. ती सैल दिसली तर किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडे जा.

आवाज नेमका कुठला

इथेच सगळ्यात जास्त वेळ घाला. मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या गाडीत पत्रा आवाज वाहून नेतो, त्यामुळे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार हमखास होतो. माझा आवाज मागच्या सीटखालून यायचा आणि खरी सैल जागा निघाली ड्रायव्हरच्या पायाशी, सहा फूट पुढे.

आधी तळ धुऊन घ्या. आपल्याकडच्या चिखलाचा थर वाळला की पाइपाला धरून ठेवतो आणि सैल क्लिप घट्ट वाटते. धुऊन वाळला की टाकीपासून सुरुवात करा. एका बोटानं पाइप हलवत, दर अर्ध्या फुटावर, पुढे सरका. बोटभर हलला, पत्र्याला लागला, की तिथे खडूनं खूण. घाई करू नका. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अकरा खुणा झाल्या, आवाज मात्र एकच होता.

हलवून कळत नसेल तर दुसरी युक्ती. फिटर लोक दोन पृष्ठभाग कुठे टेकतात ते बघायला निळा रंग लावतात. आपल्या घरात कुंकू असतंच. ते थोड्या ग्रीसमध्ये कालवून, पाइपाच्या शेजारच्या पत्र्यावर, क्रॉस मेंबरवर, हँडब्रेकच्या केबलवर बारीक फासा. दोन-तीन किलोमीटर पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून गाडी फिरवून आणा (ठाण्यात असा रस्ता शोधावा लागत नाही) आणि परत खाली बघा. पाइपावर जिथे लाल लागलं तिथे तो आपटतोय. बायको म्हणाली, गाडीचं लग्न लावताय का. पण जागा सापडली.

गाडी स्टँडवर असताना बाहेर उभ्या माणसाला इंजिन चालू करून हळूहळू रेस वाढवायला सांगता येतं. गाडी न्यूट्रलमध्ये, आणि त्या वेळी गाडीखाली कुणी नको. बाजूनं वाकून, लांब लाकडी दांडा पाइपाला टेकवायचा. दांडा टेकताच आवाज थांबला तर गुन्हेगार तोच. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या फिरत्या प्रोपेलर शाफ्टजवळ हे मुळीच करू नका.

पाइपांवर खापर फोडण्याआधी तीन गोष्टी हातानं हलवून बघा: हँडब्रेकची केबल, सायलेन्सरचे रबरी हँगर आणि त्याच्या भोवतीचा पत्रा. निम्म्या वेळा आवाज यांचाच असतो.

पाइप ठेवायचा की बदलायचा

नवी क्लिप लावण्याआधी जुन्या क्लिपेखालची जागा साफ करून बघणं हा या कामाचा गाभा आहे. पाइप बाहेरून चकचकीत असतो आणि क्लिपेखाली कुजलेला, कारण पाणी तिथेच साचून राहतं. आपल्याकडे खाडीची दमट हवा वर्षभर, आणि पावसाळ्यात गाडी साचलेल्या पाण्यातून जाते ते वेगळंच. वायर ब्रश जोरात घासू नका. जुना टूथब्रश आणि बारीक पॉलिश पेपर पुरतो. मग नख फिरवा.

नुसता रंग उडालेला, वरवरचा तांबूस डाग, नख अडकत नाही: साफ करा, गंजरोधक प्रायमर आणि रंग मारा, पाइप ठेवा. नख खाचेत अडकतंय, घासून सपाट झालेला भाग दिसतोय, गंजानं खड्डे पडलेत, कुठे चेपलाय किंवा करकचून वाकलाय: ब्रेकचा पाइप असेल तर बदला. इथे चर्चा नाही.

आणि बदलायचा म्हणजे सांध्यापासून सांध्यापर्यंत अख्खा. मधला तुकडा कापून कॉम्प्रेशन फिटिंग घालणं, पितळी वेल्डिंग करणं, किंवा रबरी नळीचा तुकडा ओढून दोन जुबली क्लिपा आवळणं हे मी ब्रेकवर केलेलं पाहिलंय. ज्यानं केलं तो म्हणाला, साहेब, पाच वर्षं काही होत नाही. नंतर काय होतं ते त्यानं सांगितलं नाही.

नवा पाइप स्टीलचा चालतो, निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचा मिळाला तर उत्तम. तो गंजत नाही आणि हातानं छान वळतो. साधा तांब्याचा, फ्रीजवाल्याकडचा पाइप नको. तो कंपनांनी कडक होत जातो आणि चिरतो. टोकं दुहेरी फ्लेअरची, म्हणजे फुलवून आत दुमडलेली हवीत, आणि फ्लेअर जुन्या सांध्याच्या आकाराला जुळलेलं हवं. वागळे इस्टेटला आणि तुर्भ्याच्या एमआयडीसीत हायड्रॉलिकची कामं करणारी दुकानं आहेत. जुना पाइप न वाकवता सोबत न्या, नमुना बघून करून देतात. पद्मिनीचे जुने सुटे भाग पूर्वी टॅक्सीवाल्यांमुळे कुठेही मिळायचे. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, तेव्हापासून कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊनही नशीब आजमावावं लागतं.

पाइप बदलायचा नसेल तर सांधे उघडू नका. हे लोक विसरतात. नुसतं क्लिपांचं काम असेल तर एकही नट सैल करायची गरज नाही, आणि चाळीस वर्षांचा नट सोडायला गेलात की पाइप नटाबरोबर पिळतो आणि छोट्या कामाचं मोठं होतं. उघडायचाच असेल तर आदल्या दिवशी गंजलेले नट सोडवणारं भेदक तेल मारून ठेवा आणि साधा पाना न वापरता फ्लेअर नटचा पाना वापरा, जो नटाला जवळजवळ चहूबाजूंनी पकडतो.

क्लिप कोणती

माझी पसंती रबर लावलेल्या पी आकाराच्या क्लिपेला. पत्र्याची पट्टी, आत रबर, एका बोल्टनं बसते. पाइपाच्या मापाचीच घ्या: 4.75 च्या ब्रेक पाइपाला 5 मिलिमीटरची, पेट्रोलच्या पाइपाला 6 किंवा 8 ची. व्हर्निअरनं मोजून घ्या, अंदाजावर जाऊ नका. क्लिप मोठी पडली तर पाइप आत खेळतो आणि रबर विरलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. छोटी पडली आणि आवळली तर पाइप चेपतो.

हिचा एकच दोष, रबराखाली पाणी धरते. म्हणून बसवण्याआधी पाइपाच्या त्या जागी रंगाचे दोन हात आणि वर अंडरबॉडी वॅक्सचा किंवा सिलिकॉन ग्रीसचा थर द्या. क्लिपेची उघडी बाजू खाली ठेवा, म्हणजे पाणी निथळतं. साधं खनिज ग्रीस नको, रबर फुगतं.

नव्या गाड्यांच्या तळाला प्लॅस्टिकच्या क्लिपा असतात, एकात दोन-तीन पाइप बसतील अशा. भंगारवाल्याकडे मूठभर मिळतात. दोन पाइप शेजारी-शेजारी जात असतील तिथे त्या फार छान, कारण पाइपांमधलं अंतर कायम राहतं आणि पाणीही धरत नाहीत. पण सायलेन्सरच्या जवळ लावू नका.

प्लॅस्टिकचा केबल टाय हा रस्त्यावर अडकल्यावरचा उपाय. उन्हानं आणि उष्णतेनं तो वर्षभरात कडकडीत होऊन तुटतो. ब्रेक पाइपाला पेट्रोलच्या पाइपाशी किंवा वायरिंगच्या जुडग्याशी टायनं बांधून टाकणं तर नकोच. दोघं एकमेकांना घासतात. पाइप सायलेन्सरला, शाफ्टला, हँडब्रेकच्या केबलला किंवा अॅक्सलच्या पाट्यांना बांधणाराही भेटलाय मला. जे हलतं त्याला पाइप बांधायचा नाही. अॅक्सलवरचे पाइप मात्र अॅक्सललाच, कारण ते त्याच्याबरोबर हलतात.

बऱ्याच जुन्या गाड्यांत पत्र्याच्या जिभा तळाला स्पॉट वेल्ड केलेल्या असतात, त्या वाकवून पाइपावर बसवायच्या. जीभ शाबूत असेल तर तिची धार कानशीनं मारून, आत रबराची पट्टी घालून तीच वापरा. पण उघडझाप एक-दोनदाच. तिसऱ्यांदा ती मुळातून तुटते.

बसवणी

पाइप आधी मोकळाच ठेवा आणि हातानं त्याची मूळ वाट परत आणा. क्लिपेनं पाइप जागेवर खेचून आणायचा नाही. पाइप जागेवर निवांत बसलेला असावा आणि क्लिपेनं त्याला फक्त धरावं. ताणून बसवलेला पाइप सांध्याशी चिरतो. वळण द्यायचं असेल तर अंगठ्यांनी, मोठ्या सॉकेटच्या गोलाईवर टेकवून, हळू.

आधारांमधलं अंतर मी एक फूट, म्हणजे 30 सेंटिमीटर धरतो. प्रत्येक मोठ्या वळणाच्या दोन्ही अंगांना एकेक, आणि सांध्यापासून किंवा होजच्या ब्रॅकेटपासून 15 सेंटिमीटरच्या आत एक. सगळी अंतरं तंतोतंत सारखी ठेवण्याचा अट्टहास करू नका. थोडं मागेपुढे असलं तर सगळे तुकडे एकाच सुराला थरथरत नाहीत, हे बरंच. स्थिर पत्र्यापासून पाइपाला बोटभर जागा, हलत्या भागापासून दोन बोटं, सायलेन्सरपासून चार. तेवढी जागा नसेल तर मध्ये पत्र्याची ढाल बसवा. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरजवळून गेला तर मे महिन्यात टोलनाक्याच्या रांगेत गाडी व्हेपर लॉकनं, म्हणजे पाइपात पेट्रोलची वाफ अडकून बंद पडते आणि लोक कॉइल बदलत बसतात.

शक्यतो जुन्याच भोकांत बोल्ट घाला. नवं भोक पाडावंच लागलं तर आधी आतून गालिचा उचलून पलीकडे काय आहे ते बघा. टाकीजवळ ड्रिल चालवू नका. ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खोली मर्यादित करा. सेल्फ टॅपिंग स्क्रूचं टोक पलीकडे सुरीसारखं निघतं. तिथे वायर असेल तर एक खडखड घालवून शॉर्ट सर्किट विकत घ्याल. मी रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात पक्का बसणारा आटेदार नट) वापरतो, नंतर क्लिप काढघाल करता येते. भोकाच्या कडेला प्रायमर लावायला विसरू नका, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात त्याच भोकापासून पत्रा खायला सुरुवात होते. पाइप पत्रा पार करून जातो तिथे भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रबरी कडी, हवीच. ती फाटली असेल तर नवी घाला.

मागच्या चाकाजवळ दगड उडतात. तिथे पाइपावर स्प्रिंगसारखी गुंडाळी असते, ती फेकून देऊ नका. तिचा उपयोग दगडापासून वाचवायचाच आहे.

रबरी नळ्या

पेट्रोलचा स्टील पाइप इंजिनाला थेट जोडलेला नसतो. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, बॉडी हलत नाही, म्हणून मध्ये रबरी नळी. हा तुकडा मोकळाच राहिला पाहिजे. आवाज येतो म्हणून तो क्लिपेनं आवळला तर ताण पंपाच्या नळीवर येतो. त्याला थोडा बाक द्या आणि स्टील पाइपाला नळीच्या अलीकडे एक क्लिप.

आता पंपावर सर्रास 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि जुनी रबरी नळी त्यानं आतून मऊ पडते किंवा तडकते. बदलताना नळीवर छापलेलं वाचा. एसएई जे30 आर9 असं असेल तर आतलं अस्तर इथेनॉलला टिकणारं असतं. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, पेट्रोल दिसतं म्हणून लावतात ती, इंजिनाच्या उष्णतेजवळ नको.

ब्रेकच्या रबरी होजला क्लिप लावायचीच नाही. फक्त तिचं ब्रॅकेट बघा. होज ब्रॅकेटमध्ये घोड्याच्या नालेसारख्या चपट्या क्लिपेनं अडकलेली असते. ती पडलेली असली की सांधा ब्रॅकेटमध्ये खडखडतो आणि स्टील पाइपाचं फ्लेअर तिथेच थकतं. फार वेळा खरा आवाज हाच असतो, आणि क्लिप किरकोळ किमतीची. चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून, आणि सस्पेन्शन लोंबत असताना, होज कुठे ताणत किंवा टायरला लागत नाही ना ते बघा. फुगलेली, तडा गेलेली असेल तर नवी, एसएई जे1401 छापलेली.

तपासणी

पाइप बदलला असेल तर ब्रेकमधली हवा काढावी लागते: मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, एक जण पेडलवर, एक जण चाकामागच्या हवा सोडायच्या निपलवर, आणि वरच्या बाटलीतलं ब्रेक ऑइल संपू न देता. ऑइल सीलबंद डब्यातलं, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि रंगावर सांडलं तर रंग उचलतं. लगेच पाण्यानं धुवा.

इंजिन चालू करून, पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा. पेडल हळूहळू खाली जाता कामा नये. इंजिन बंद केल्यावर प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा, ओल लगेच दिसते. पेट्रोलच्या सांध्यांनाही तेच. मग रिकाम्या रस्त्यावर, आधी वीसच्या वेगाला दोन-तीनदा ब्रेक.

मी रविवारी पहाटे मानपाड्याहून गायमुखपर्यंत जातो आणि परत. चाळीसला बघतो, पन्नासला बघतो, खड्ड्यांवरून मुद्दाम नेतो. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा खाली शिरून प्रत्येक क्लिपेचा बोल्ट तपासायचा, कारण रबर बसतं आणि पहिला आवळा थोडा सैल होतो. त्यानंतर वर्षातून एकदा. आमच्याकडे ते खंडेनवमीला होतं: पावसाळा संपत आलेला, पाने-हत्यारं पूजेसाठी बाहेर काढलेलीच असतात, आणि दसऱ्याला गाडीला हार घालायच्या आधी मी दोन क्लिपा सोडून त्यांच्याखालचा पाइप बघून घेतो. दरवर्षी वेगळ्या दोन.